हात न लावलेलं गिअर

इचलकरंजीत दोन भाऊ होते. कापड रंगवण्याचा त्यांचा लहानसा प्रोसेस होता, वडिलांनी चार मागांपासून वाढवत नेलेला. थोरला गिऱ्हाइकं, हिशेब आणि सरकारी कागद सांभाळायचा, धाकटा मशिनं. धाकट्याच्या हाताला यंत्र वश होतं. माग अडला, कापड रंगवायची जिगर अडली, बोअरची मोटर बसली, की दुसऱ्या कुणाला बोलवायची वेळ यायची नाही. त्याच्या हातांनी घराचे पुष्कळ पैसे वाचवले होते आणि थोरल्याला त्याची जाणीव होती.

रंगाचं पाणी तसंच नाल्यात सोडता येत नाही. नाला पंचगंगेला मिळतो, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, आणि त्या काठानं गावंच्या गावं वसलेली आहेत. म्हणून कारखान्याच्या मागच्या बाजूला सांडपाण्याची टाकी होती. तिच्यातले जिवाणू कांजीची बरीचशी घाण खाऊन टाकतात, पण त्यांना रात्रंदिवस हवा लागते. ती हवा टाकीच्या तळाशी सोडायचं काम ब्लोअरचं. पाणी चार मीटर खोल असेल तर नुसतं ते पाणी बाजूला सारायलाच सुमारे 0.4 बार दाब लागतो. असे ब्लोअर दोन ठेवायचे असतात, एक चालता आणि एक राखीव. भावांकडंही दोन होते, पण राखीव ब्लोअरचे पार्ट गरजेपोटी एकेक करून चालत्या ब्लोअरला गेले आणि त्याचा सांगाडा तेवढा कोपऱ्यात उरला. लहान कारखान्यांत हे सर्रास होतं.

हे यंत्र समजून घेण्यासारखं आहे. कवच उघडलं की आत दोन लोखंडी लोब दिसतात, बाजूनं पाहिले तर डमरूच्या आकाराचे. ते एकमेकांच्या उलट दिशेनं, मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांनी फिरतात आणि हवा कवचाच्या कडेनं पुढं ढकलतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी 1860 साली याचं पेटंट घेतलं. त्यांचीही कापडाचीच गिरणी होती, लोकरीची. पुढं हेच यंत्र मोटारीच्या इंजिनावर चढलं आणि त्याला सुपरचार्जर म्हणू लागले. इंजिन स्वतः ओढून घेतं त्याहून जास्त हवा त्यात कोंबायची, म्हणजे जास्त इंधन जळतं आणि ताकद वाढते. टाकीला हवा देणारा ब्लोअर आणि मोटारीचा सुपरचार्जर सख्खे भाऊच म्हणायचे.

दोन्ही लोब एकमेकांना कधीही लागत नाहीत. कवचालाही लागत नाहीत. आत तेलाचा थेंब नसतो, म्हणून बाहेर पडणारी हवा स्वच्छ असते. दोन लोबमधली फट दोन-तीन कागदांच्या जाडीची. ती राखतात एका टोकाला बसवलेली दोन गिअरं आणि दोन्ही शाफ्टांची चार बेअरिंगं. या यंत्राचं सगळं शहाणपण त्या न लागण्यात आहे.

एके दिवशी धाकट्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लोअरच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं.

"अण्णा, बेअरिंग बोलायला लागलंय."

"मग कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊ."

"नेलं की पाच-सहा दिवस गेले. तवर टाकीला हवा कुठनं द्यायची? आणि त्यांची मजुरी बेअरिंगपेक्षा जड. मी एका रात्रीत बसवतो की."

थोरला गप्प राहिला. धाकट्याचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. ब्लोअर कोल्हापूरला गेला की टाकी श्वासाविना राहणार, हे खरंच होतं. दुरुस्ती बाहेर देण्याची खरी किंमत पावतीवर कधीच पूर्ण येत नसते. तीत मशीन बंद राहिल्याचे दिवसही धरावे लागतात.

धाकट्यानं त्या रात्री मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. अमेरिकेतला एक माणूस आपल्या घरच्या गॅरेजमध्ये जुन्या पॉन्टिॲकचा सुपरचार्जर उघडत होता. ईटन कंपनीचा एम-90, म्हणजे एका फेऱ्यात 90 घनइंच, जवळजवळ दीड लिटर हवा फेकणारा. त्या माणसानं पुढचं नाक सोडवलं, त्यातली बेअरिंगं प्रेसवर काढली, नवी बसवली, झिजलेला प्लॅस्टिकचा कपलर बदलला. मग कवच वेगळं करून मागच्या भिंतीतली बारीक सुयांची बेअरिंगं काढली, नवी दाबली, सगळं बंद केलं, तेल भरलं आणि गाडी चालू केली. धाकट्यानं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. यंत्र तेच, लोब तेच, काम तेच. तो माणूस करतो तर आपण का नाही?

दुसऱ्या दिवशी त्यानं जुन्या बेअरिंगवरचे आकडे वाचले आणि दुकानातून चांगल्या कंपनीची आणली. शेवटचे दोन आकडे 09 असले की पाचानं गुणायचं, 45 मिलिमीटरचा शाफ्ट. हे गणित त्याला तोंडपाठ होतं. पैशाकडं पाहून त्यानं हलका माल घेतला नाही, हेही सांगायला हवं.

सुट्टीच्या रात्री त्यानं काम काढलं. तेल सोडलं. पुलर लावून पुली काढली. गिअरच्या बाजूचं झाकण उघडलं तेव्हा दातांवर पंचनं मारलेल्या खुणा दिसल्या आणि त्याचा जीव भांड्यात पडला. खुणेला खूण मिळवली की झालं! गिअरं मात्र शाफ्टवर घट्ट बसलेली, पुलर नीट पकड घेईना. मग त्यानं गिअरच्या हबवरचे बोल्टही सोडले. जुनी बेअरिंगं निघाली. नवं बेअरिंग शाफ्टवर ठोकायला त्याला पाइपचा तुकडा हवा होता. हाताशी होता तो बाहेरच्या रिंगवर टेकत होता, आतल्या रिंगवर नाही. त्यानं तोच ठेवला आणि वरून हातोडी चालवली. ठक, ठक, ठक. बेअरिंग बसलं. पहाटे त्यानं पुली हातानं फिरवली. लोब अलगद फिरले, कुठं घासल्याचा आवाज नाही.

सकाळी ब्लोअर चालू झाला तेव्हा त्याचा सूर इतका गोड होता की थोरल्यानं स्वतः त्याच्यासाठी चहा आणला.

दुपार व्हायच्या आत टिक टिक सुरू झाली. मग टिकटिकीचा ठोका झाला. धाकटा धावत स्विचपाशी पोचेपर्यंत आतून एक दणका बसला, पुली जागच्या जागी थांबली आणि जळक्या बेल्टचा वास शेडभर पसरला.

संध्याकाळपर्यंत टाकीलाही वास येऊ लागला. ऑपरेटर थोरल्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, रात्रीचा मागचा व्हॉल्व्ह सोडू का? कोण बघायलंय?"

"न्हाई," थोरला म्हणाला. "जिगरी बंद कर. ब्लोअर फिरेपर्यंत रंगाचा एक थेंब काढायचा नाही."

कामगारांना हजेरी भरून सुट्टी दिली. गिऱ्हाइकांना फोन केले, बोलणी खाल्ली. शेजारच्या कारखान्यातून एक लहान ब्लोअर उसना आणून टाकी कशीबशी जिवंत ठेवली. थोरल्याचा हा निर्णय मला या गोष्टीत सगळ्यांत मोलाचा वाटतो. आपल्या हातून बिघडलेल्या कामाचा भुर्दंड आपणच सोसायचा असतो, नदीकाठच्या माणसांनी नाही. धाकटा हे सगळं बघत होता. थोरल्यानं त्याला एक शब्दही सुनावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

मग दोघं ब्लोअर टेम्पोत घालून कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेले. तिथं एका शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांनी ब्लोअर उघडला, लोबवरचे ओरखडे बोटानं चाचपले, शाफ्ट दोन टोकांवर फिरवून बघितला.

"नशीब, वाकला न्हाई," ते म्हणाले. "बेअरिंग कुणी बसवलं?"

"मी," धाकटा म्हणाला.

मामांनी ते नवं बेअरिंग कटरवर कापलं आणि बाहेरच्या रिंगचा तुकडा उजेडात धरला. गोळ्या जिथून धावतात त्या चकचकीत वाटेवर बारीक ठिपके होते, सारख्या अंतरावर, एकेका गोळीचा एकेक.

"हे बघ. बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसतं ते आतल्या रिंगनं. मग दाब आतल्या रिंगवरच पाहिजे. तू बाहेरच्या रिंगवर मारलंस. तुझा घाव गोळ्यांतनं गेला आणि पोलादात खड्डे पडले. बाहेरनं डोळ्याला दिसत न्हाईत, हाताला लागत न्हाईत. ब्लोअर अडकला नसता तरी महिनाभरात हे बेअरिंग ओरडायला लागलं असतं. नवं आणलंस आणि बसवता बसवता जुनं केलंस."

"आणि लोब? खुणा तर मी मिळवल्या होत्या."

मामांनी गिअर त्याच्या हातात दिलं. "खुणा दातावर हाईत. पण दात हबवर ह्या बोल्टांनी धरल्यात, आणि बोल्टांची भोकं लांबट हाईत. कशाला? फट लावायला. तू बोल्ट सोडलेस तिथंच फट गेली. मग खुणा जुळल्या काय आणि न जुळल्या काय."

"पण हातानं फिरवलं तवा कुठं घासत नव्हतं."

"गार होतं तवा. चालल्यावर हवा तापते, लोखंड फुगतं. तुझी फट एका अंगाला जास्त आणि दुसऱ्या अंगाला कमी राहिली होती. कमी होती ती तापल्यावर मिटली."

धाकट्याला अजून एक गोष्ट सलत होती. त्यानं मोबाइल काढून मामांना तो व्हिडिओ दाखवला. "मामा, हा माणूस घरात करतोय. त्याचं कसं चाललं?"

मामांनी चष्मा लावला. सबंध व्हिडिओ बघितला, मधे एकदा थांबवायला लावला, मागं न्यायला लावला, पुन्हा बघितला. मग म्हणाले, "गडी हुशार हाय. नाकाची बेअरिंगं बदलली, मागच्या सुयांची बदलली. आता मला दाखव, त्यानं गिअरला कुठं हात लावला?"

धाकट्यानं व्हिडिओ पुढं नेला, मागं नेला. पडद्यावर लोब होते, लोबच्या टोकाला पट्टी होती, पट्टीवर ती दोन गिअरं होती. त्या माणसानं तो सगळा जोड जसाच्या तसा उचलून बाजूच्या फडक्यावर ठेवला होता आणि काम झाल्यावर जसाच्या तसा परत घातला होता. गिअरं त्यानं काढलीच नव्हती. त्यांच्या मागची बेअरिंगंही नाहीत.

"त्यानं काय केलं ते तू बघितलंस," मामा म्हणाले. "काय सोडलं ते बघितलं न्हाईस. नाकाचं बेअरिंग नीट बसलं का न्हाई ते त्याला बोटानं फिरवून कळतं. गिअर काढलं तर परत लावायला माप लागतं. ते माप त्याच्याकडं नव्हतं, म्हणून त्यानं हात आवरला. ज्याचं माप तुझ्याजवळ हाय ते काम तू कर, बिनघोर कर. ज्याचं माप न्हाई ते ज्याच्याजवळ हाय त्याच्याकडं आण. हुशार माणसाला एवढंच कळलं पाहिजे."

थोरला इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "म्हणजे मी म्हणत होतो तेच बरोबर. पहिल्यापासून तुमच्याकडंच आणायला पाहिजे होता."

मामांनी मान हलवली. त्यांनी बाकड्याखालच्या पिशवीतून भावांनी आणलेली मूळची जुनी बेअरिंगं काढली, ज्यांच्या आवाजामुळं हे सगळं सुरू झालं होतं. पुलीकडच्या बेअरिंगची वाट एकाच अंगाला झिजली होती, तिथलं पोलाद खपल्या निघावी तसं सुटलं होतं.

"बेल्ट कोण ताणतं?"

"मीच," धाकटा म्हणाला. "बेल्ट किंचाळत होता. म्हणून आवळला."

"किंचाळत का होता?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"दाब किती दाखवत होता?"

गेज कधीपासून बंद होता ते कुणालाच आठवेना.

"सेफ्टी व्हॉल्व्ह?"

"फुसफुसायचा," थोरला म्हणाला. "ऑपरेटरनं स्प्रिंग आवळली, मग थांबला."

"हां," मामा म्हणाले, आणि त्यांनी जमिनीवर खडूनं एकेक करून मांडून दाखवलं. टाकीच्या तळाशी हवेचे जे डिफ्यूजर असतात त्यांची भोकं गाळानं बुजली. हवेला वाट मिळेना, दाब वाढला. व्हॉल्व्ह फुसफुसून सांगत होता, त्याचं तोंड आवळलं. मग बेल्ट घसरायला लागला आणि किंचाळला, त्याला ताणला. त्या ताणानं पुलीकडचं बेअरिंग खाल्लं. "माझ्याकडं एक मालक दरसाल येतो. तोच ब्लोअर, तेच बेअरिंग. मी माझं काम चोख करतो, तो पैसे मोजतो आणि जातो. टाकी काय माझ्या शेडमध्ये येत न्हाई. तुम्ही पहिल्यापासून माझ्याकडं आणला असता तरी पुढच्या वर्षी परत आला असता."

थोरला खाली मान घालून खडूच्या रेघा बघत राहिला.

धाकट्यानं विचारलं, "मामा, तुम्ही फट लावताना मी इथं थांबलो तर चालेल का?"

मामांनी त्याला नुसतं थांबवून घेतलं नाही, कामाला लावलं. नवं बेअरिंग तेलात तापवलं, तारेला टांगून, भांड्याच्या बुडाला न टेकवता, नव्वद अंशांच्या आसपास. वर काढलं आणि हातमोजा घालून शाफ्टवर सोडलं तर ते हातोडीशिवाय सरकत जाऊन खांद्याला टेकलं. धाकटा त्याकडं बघतच राहिला. मग एक गिअर पक्कं करून मामांनी दुसऱ्याचे बोल्ट ढिले ठेवले, लोब थोडे फिरवले आणि फट मोजायच्या फिलर गेजचं पान दोघांच्या मधे घातलं.

"ओढून बघ."

धाकट्यानं ओढलं. "सैल हाय."

"आता उलट फिरवून त्याच लोबच्या दुसऱ्या अंगाला घाल."

पान शिरेना. बारीक पान घेतलं, तेही अडलं. मामांनी लाकडी ठोकळ्यानं गिअरवर हलकी टिचकी मारली. पुन्हा पान, पुन्हा टिचकी. एका अंगाची फट कमी झाली की दुसऱ्याची वाढायची. चालताना आणि तापताना कुठली फट मिटते आणि कुठली उरते हे मामांना ठाऊक होतं, त्या हिशेबानं ते दोन्ही अंगांना वाटून देत होते. बोल्ट आवळल्यावर त्यांनी सगळी मापं परत घेतली, कारण आवळतानाही गिअर केसभर सरकतं. शेवटी पान दोन्हीकडं लोण्यातून निघावं तसं नाही, तर किंचित धरून, अंग घासत निघालं. ती किंचित पकड मामांनी धाकट्याला पुन्हा पुन्हा ओढून बघायला लावली.

ब्लोअर परत आला तो बसवायच्या आधी भावांनी टाकीतल्या नळ्या वर काढल्या. डिफ्यूजरवर बोटभर काळा चिकट थर बसला होता. तो धुतला, फाटलेले डिफ्यूजर बदलले. सक्शनचा फिल्टर कापसाच्या तंतूंनी गच्च भरला होता, तोही साफ केला. व्हॉल्व्हची स्प्रिंग मूळ जागी आणली. नवा गेज लावला. दोन पुल्या एका रेषेत आहेत का ते धाकट्यानं दोरा धरून बघितलं आणि बेल्ट अंगठ्यानं दाबून बेताचा ताणला. हे सगळं त्यांनी घरच्या घरी केलं. यातल्या कशालाच उद्यमनगरचा माणूस लागत नव्हता.

मग राखीव सांगाडा त्यानं उभा करायला घेतला. पुलीकडची रोलर बेअरिंगं त्यानं घरीच बसवली, आतली रिंग तेलात तापवून, हातोडी न उचलता. गिअरच्या बाजूच्या एकाही बोल्टला त्यानं पाना लावला नाही. तो भाग घेऊन तो कोल्हापूरला गेला, आणि जाताना कागदावर लिहून नेलं: दाब किती असतो, हवा किती तापते, तेल कुठलं भरतो. मामांनी कागद वाचून खिशात घातला आणि त्याला फिलर गेज काढायला सांगितलं. त्या वेळी पहिलं माप धाकट्यानं घेतलं आणि मामांनी तपासलं.

आता रोज सकाळी थोरला हिशेबाला बसण्याआधी मागं जाऊन गेज बघतो आणि भिंतीवरच्या वहीत आकडा लिहितो. मशिनशी त्याचा पूर्वी कधी संबंध नव्हता. परवा बेल्ट थोडा किंचाळला. धाकटा सवयीनं पाना घेऊन निघाला, तर थोरला वहीवरून बोट फिरवत म्हणाला, "थांब. दाब तीन दिवसांत चढत आलाय. बेल्टला हात लावू नको, आधी टाकीतली नळी वर काढ."